कवटीतल्या पोकळ्या आणि प्रयोजनाचा प्रश्न

माणसाच्या नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. गालाच्या हाडातली जोडी सर्वांत मोठी. प्रौढ माणसात तिच्या एकेका पोकळीत सुमारे १५ मिलिलिटर हवा मावते. दुसरी जोडी भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात असते. नाकाचे मूळ आणि डोळ्याची खोबण यांच्या मधली तिसरी जोडी एकसंध नसते, लहान लहान खणांची असते. तिच्या आणि डोळ्याच्या मधला पडदा कागदाइतका पातळ हाडाचा. चौथी जोडी सर्वांत आत, कवटीच्या तळाच्या जतुकास्थीत, पिट्यूटरी ग्रंथीच्या लगत खाली. जन्माच्या वेळी गालातल्या आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळ्या अगदी चिमुकल्या रूपात असतात. कपाळातली पोकळी सहा-सात वर्षांच्या सुमारास क्ष-किरणांत दिसू लागते आणि वयात येईपर्यंत वाढत राहते. काही माणसांत ती एका बाजूला, तर काहींत दोन्ही बाजूंना तयारच होत नाही. अशा माणसाला त्याचा पत्ताही नसतो. त्याचे श्वसन, आवाज, वास घेण्याची शक्ती, सगळे इतरांसारखेच असते.

या पोकळ्या अरुंद छिद्रांनी नाकाशी जोडलेल्या असतात आणि त्यांना आतून नाकातल्यासारखेच श्लेष्मल अस्तर असते. अस्तराच्या पेशींवर अतिसूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलते आणि वरचा चिकट थर, त्यात अडकलेल्या धूळ-जंतूंसह, पुढे सरकवत नेते. गालाच्या पोकळीत हे काम पाहण्यासारखे आहे. तिचे छिद्र तळाशी नसून नाकाकडच्या भिंतीवर, जवळजवळ छताला लागून असते. माणूस उभा असताना तिथून काही आपोआप निथळणे शक्यच नाही. तळातला स्राव ही लव भिंतीवरून वर चढवते आणि छिद्रापर्यंत पोचवते. १८९० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज कॉल्डवेल आणि फ्रान्समध्ये आंरी ल्यूक यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या शस्त्रक्रियेत पोकळीच्या खालच्या अंगाला नाकात उघडणारे नवे मोठे भोक पाडले जाई. पाणी उताराकडे जाणार, हा त्यामागचा साधा हिशेब. पण ऑस्ट्रियातील ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले, की लव त्या नव्या भोकाला वळसा घालते आणि स्राव वरच्या मूळ छिद्राकडेच नेत राहते. नाकाच्या दुर्बीण-तपासणीवरचे त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. त्यानंतर मूळ छिद्रच मोकळे करण्याची आजची शस्त्रक्रिया रूढ झाली. शरीराच्या वाटा ठरलेल्या असतात. नवी वाट सोयीची दिसली म्हणून शरीर ती धरत नाही.

एवढी काटेकोर व्यवस्था पाहिल्यावर प्रश्न येतोच, की हे सगळे कशासाठी? हृदय रक्त ढकलते, मूत्रपिंड रक्त गाळते; तिथे उत्तर हाताशी असते. सायनसच्या बाबतीत ते नाही. १९६९ साली ब्लँटन आणि बिग्ज या दोन शरीररचनाशास्त्रज्ञांनी या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच ‘अठराशे वर्षांचा वाद’ असे शब्द घातले. हा वाद वैद्यकापुरता राहत नाही. शरीरातल्या प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असलेच पाहिजे का, आणि नसेल तर ज्याने हे घडवले त्याच्याविषयी, किंवा कोणी घडवले या कल्पनेविषयी, काय म्हणायचे, या प्रश्नांपर्यंत तो पोचतो.

प्रयोजनाचा आग्रह किती जुना आणि किती खोल आहे, ते या पोकळ्यांच्या इतिहासातच दिसते. अ‍ॅरिस्टॉटलचे मत असे, की निसर्ग काहीही व्यर्थ करत नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने अवयवांच्या उपयोगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो रचनाकाराचे स्तोत्र समजून लिहिला. त्याच्या मते नाकातून येणारा कफ हा मेंदूचा मळ. तो कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून खाली झिरपतो. लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास कवटी उभी कापून गालाची पोकळी अचूक रेखाटली. चित्र इतके बिनचूक असूनही शेजारी त्याने लिहिले, की या पोकळीत दातांच्या मुळांना पोसणारा रस असतो. डोळ्यांना रिकामी जागा दिसत असतानाही मनाने तिथे काहीतरी भरले. १६५१ साली इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोरने याच पोकळीचे सविस्तर वर्णन केले. त्याच्याकडे आलेल्या एका बाईचा वरचा दात काढल्यावर गालातला पू वाहू लागला होता. तिने त्या भोकात आधी सळई आणि मग पिसाची काडी घालून पाहिली. ती इतकी आत गेली, की आपल्या मेंदूलाच भोक पडले असे वाटून ती हादरली. हायमोरने तिला हाडाची रचना समजावून सांगितली, तेव्हा तिची भीती गेली. पुढे १६६० साली विटेनबर्गच्या कोनराड श्नायडरने कफ मेंदूतून येत नाही, नाकाच्या अस्तरातच तयार होतो, हे सिद्ध केले आणि गॅलेनचे प्रयोजन कायमचे बाद झाले.

त्यानंतर सुचवलेली प्रयोजने अनेक आहेत. कवटी हलकी व्हावी म्हणून पोकळ्या आहेत, हे सर्वांत लोकप्रिय. हत्तीच्या प्रचंड डोक्याकडे पाहता ते पटते. त्याची कवटी हवेच्या खणांनी अक्षरशः पोखरलेली असते. माणसात मात्र या पोकळ्या सच्छिद्र हाडाने भरल्या, तरी डोक्याचे वजन जेमतेम एका टक्क्याने वाढेल, असे एकोणिसाव्या शतकातच मोजले गेले. आवाजाला घुमारा मिळावा म्हणून, हे दुसरे मत. पण जिराफाच्या कवटीत मोठ्या पोकळ्या असूनही त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो. थंड हवा गरम करण्यासाठी, हे तिसरे. निअँडर्थल माणसाचा रुंद चेहरा त्यासाठीच होता, असे बरीच वर्षे शिकवले गेले. २०११ साली रे, कोप आणि स्ट्रिंगर यांनी मोजमापे करून दाखवले, की निअँडर्थलच्या सायनस त्याच्या चेहऱ्याच्या मानाने मोठ्या नाहीतच. त्याआधी जपानी माकडांच्या अभ्यासात तर उलटेच आढळले होते: जितका प्रदेश थंड, तितकी गालाची पोकळी लहान. माकडांमध्ये आणखी एक लक्षणीय गोष्ट आहे. आशिया-आफ्रिकेतल्या शेपटीवाल्या माकडांपैकी लाल तोंडाचे माकड ज्या मकाक गटात येते, त्या गटात गालाची पोकळी असते. काळतोंडे वानर ज्या गटातले आहे, त्या गटात ती साधारणतः नसते. सह्याद्रीत दोघेही एकाच जंगलात, एकाच हवेत नांदतात. प्रयोजन अपरिहार्य असते, तर वानराचे काहीतरी अडले असते.

आजच्या संशोधनात सर्वांत भरीव दावा नायट्रिक ऑक्साइड या वायूचा आहे. १९९५ साली स्टॉकहोममध्ये लुंडबेर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सायनसचे अस्तर हा वायू मोठ्या प्रमाणात तयार करते. तो जंतूंना मारक आहे, आणि नाकातून घेतलेल्या श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतो. २००२ साली वाइट्सबेर्ग आणि लुंडबेर्ग यांना आढळले, की तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला, तर नाकातून बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होते. कंपनांमुळे पोकळीतली हवा छिद्रातून वेगाने बाहेर येते. भ्रामरी प्राणायाम करणाऱ्याच्या नाकात हेच घडत असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र भ्रामरी ज्यांनी सांगितली त्यांनी ती चित्ताच्या लयासाठी सांगितली. तिचे मोल ठरवायला या वायूचा आधार शोधणे म्हणजे साधनेला तिच्या हेतूपेक्षा लहान मापाने मोजणे होय.

इथे एक भेद स्वच्छ करायला हवा: उपयोग वेगळा, प्रयोजन वेगळे. जतुकास्थीतल्या पोकळीचा एक उपयोग निर्विवाद आहे. १९०७ साली हेर्मान श्लोफरने नाकाच्या वाटेने, त्या पोकळीतून, पिट्यूटरीच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली, आणि आज मेंदूला धक्का न लावता त्या ग्रंथीपर्यंत पोचण्याचा हाच राजमार्ग आहे. असंख्य माणसांची दृष्टी आणि प्राण त्या रिकाम्या जागेमुळे वाचले. तरीही ती पोकळी शल्यचिकित्सकासाठी निर्माण झाली, असे कोणी म्हणणार नाही. कपाळातल्या पोकळीचा आकार माणसागणिक निराळा असतो आणि अनोळखी मृतदेहाची ओळख पटवायला तो कामी येतो. तोही उपयोगच. मग नायट्रिक ऑक्साइडचे काम कोणत्या खात्यात टाकायचे? तो वायू नाकाचे अस्तरही बनवते आणि सायनसचे अस्तर हा त्या अस्तराचाच पुढे पसरलेला भाग आहे. म्हणून पोकळी त्या वायूसाठी झाली, की पोकळी झाल्यावर अस्तर तिथेही आपले नेहमीचे काम करू लागले, हा प्रश्न उघडाच राहतो.

हा भेद भारतीय तर्कशास्त्राला चांगला ठाऊक होता. नैयायिकांनी कारण कशाला म्हणावे हे ठरवताना ‘अन्यथासिद्ध’ ही कोटी बाजूला काढली: जे कार्याच्या आधी हजर असते, पण ज्याच्यावाचून कार्य अडत नाही. कुंभाराची माती वाहून आणणारे गाढव हे तिचे ठरलेले उदाहरण. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाच्या ‘कारिकावली’त अशा पाच गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांत आकाशही आहे. घट होताना आकाश असतेच, पण म्हणून ते घटाचे कारण नव्हे. आवाज निघताना सायनस असतेच. ज्याच्या कपाळात ती नाही त्याचाही आवाज निघतो. आवाजाच्या घुमाऱ्याच्या प्रयोजनाचा निकाल या कसोटीवर एका वाक्यात लागतो.

वैशेषिकांनी तर याहून अवघड प्रश्न हाताळला होता. शरीरातली एखादी नुसती पोकळी इंद्रिय होऊ शकते का? प्रशस्तपादाचे उत्तर ‘होय’ असे आहे. कानाच्या पाळीने आणि विवराने वेढलेले आकाश हेच श्रोत्र, असे तो मानतो. पण आकाश एकच आणि सर्वव्यापी असेल, तर नाकाच्या पोकळीत ऐकू का येत नाही, आणि बहिऱ्याच्या कानात आकाश असूनही त्याला ऐकू का येत नाही? त्यासाठी प्रशस्तपाद ‘अदृष्ट’ आणतो. त्या जीवाच्या धर्माधर्माने ती विशिष्ट पोकळी शब्दाच्या भोगासाठी घडवलेली असते, आणि तो संस्कार अपुरा पडला की बहिरेपण येते. अंतर्कर्ण माहीत असलेल्या आजच्या वाचकाला हे उत्तर मान्य होणार नाही. त्यातली सचोटी मात्र मोठी आहे. पोकळीला पोकळी म्हणून स्वतःचे काही काम नसते, काम देणारी गोष्ट दुसरीच असते, हे प्रशस्तपादाने मान्य केले. लिओनार्दोसारखा त्याने तिथे रस ओतला नाही.

आयुर्वेदाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. नाक हे मस्तकाचे द्वार आणि नस्याचे औषध त्या द्वाराने शृंगाटकापर्यंत पोचते, ही त्यातली धारणा आहे, आणि शृंगाटक म्हणजेच सायनस असे अलीकडे सर्रास लिहिले जाते. सुश्रुताने मात्र शृंगाटक हे मर्म सांगितले आहे: नाक, कान, डोळे आणि जीभ यांना तृप्त करणाऱ्या शिरांचा संगम. संगम म्हणजे पोकळी नव्हे. प्रतिश्याय आणि पीनस या नाकाच्या विकारांचे आयुर्वेदातले वर्णन इतके बारकाईचे आहे, की त्याला आधुनिक शरीररचनेचा उसना आधार देण्याची गरज नाही.

ईश्वराच्या अस्तित्वाच्या अनुमानाला या पोकळ्यांनी धक्का बसतो का? इथे दोन अनुमाने वेगळी ठेवावी लागतात. १८०२ साली विल्यम पेलीने घड्याळाच्या दृष्टांताने मांडलेले अनुमान भागांच्या उपयुक्ततेवर उभे आहे: प्रत्येक चाक कामाचे, म्हणून घडवणारा बुद्धिमान. ज्याचा उपयोग कळत नाही असा भाग सापडला तरी अनुमान ढळत नाही, असे पेलीने बजावले होते. पण असे भाग वाढत गेले की त्याची पकड सैल होतेच. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तले पहिले अनुमान निराळ्या पायावर आहे. जगातल्या वस्तू कार्य आहेत, म्हणजे त्या उत्पन्न होतात. आणि कार्याला कर्ता असतो. गालातली पोकळी उपयोगी असो वा नसो, ती उत्पन्न झालेली आहे, एवढे उदयनाला पुरते. त्यावर आक्षेप घ्यायचा तर कार्यकारणभावाच्या व्याप्तीवर घ्यावा लागेल, सायनसवर नव्हे.

काट्यांना टोक कोणी काढले असे विचारून प्रयोजनच नाकारणारे स्वभाववादी आपल्याकडे होते. डार्विनची भूमिका त्यांच्याहून सूक्ष्म आहे. १८५९ च्या ग्रंथात त्याने कवटीच्या सांध्यांचे उदाहरण घेतले. बाळाच्या कवटीचे सांधे सैल असल्याने प्रसूती सुकर होते, म्हणून ते त्यासाठीच आहेत असे वाटते; पण अंडे फोडून बाहेर येणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिल्लांतही तसेच सांधे असतात. सांधे वाढीच्या नियमांतून आले, प्रसूतीला ते नंतर उपयोगी पडले. १९७९ साली गूल्ड आणि लेवोंटिन यांनी हाच विचार व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवरून पुढे नेला. कमानींवर घुमट बसवला, की कमानींच्या मध्ये निमुळत्या त्रिकोणी जागा उरतातच. त्यांत इतकी सुंदर चित्रे जडवली आहेत, की सारी इमारत त्या चित्रांसाठी उभारली असे वाटावे. सायनसच्या बाबतीत लॉरेन्स विटमरने १९९७ साली डायनोसॉर, मगरी आणि पक्षी यांच्या कवट्यांवरून असेच सुचवले: हवेचे अस्तर संधी मिळेल तिथे हाडात शिरत जाते, आणि हाड ताण पेलण्यापुरते शिल्लक राहते. असे असेल तर पोकळीला वेगळे प्रयोजन लागतच नाही. उपलब्ध पुराव्यांत हे मत सर्वांत कमी ओढाताण करते.

प्रयोजनावाचूनची निर्मिती ही कल्पना श्रद्धेला परकी आहे, असा समज मात्र खरा नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्ष हाच आक्षेप घेतो: प्रत्येक कृतीला हेतू असतो, पूर्णकाम ब्रह्माला हेतू असू शकत नाही, म्हणून ते जगाचे कारण नाही. त्याला सूत्रकार बादरायणाचे उत्तर ‘लीला’ हे आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य दोन दृष्टांत देतात. एक सर्व काही लाभलेल्या राजाच्या क्रीडेचा. दुसरा श्वास-उच्छ्वासाचा, जो बाहेरचे कोणतेही प्रयोजन मनात न धरता स्वभावानेच चालतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले, तेही याच अंगाने. सांख्यांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते वासरासाठी दूध जसे नकळत पाझरते, तशी जड प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी त्यावर म्हटले, की दूध पाझरते ते सचेतन गाईच्या वात्सल्याने. लीला मानणाऱ्याला रिकाम्या पोकळीचे समर्थन करत बसावे लागत नाही. जो प्रत्येक हाडात हेतू वाचतो, त्याची श्रद्धा दर नव्या मोजणीबरोबर माघार घेत राहते. गॅलेनचा कफ आणि निअँडर्थलची थंडी यांचे तसेच झाले.

लीलेचे उत्तर जिथे अपुरे पडते ती जागाही सूत्रकाराने लपवलेली नाही. लगेच पुढच्या सूत्रात विषमतेचा आणि निर्दयतेचा आक्षेप येतो, आणि सायनसच्या संदर्भात तो अगदी शारीरिक आहे. गालाचे छिद्र वर असल्याने सर्दीत अस्तर सुजले, की वाट बुजते, स्राव साठतो, त्यात जंतू वाढतात, वाकल्यावर गाल आणि कपाळ ठणकते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खणांतला पू क्वचित त्या कागदी हाडातून डोळ्याच्या खोबणीत उतरतो, आणि मुलांमध्ये डोळा जाण्याची वेळ येते. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे तोंड पुढे झुकलेले असते आणि त्या ठेवणीत हेच छिद्र सोयीच्या जागी येते. माणूस उभा राहिला आणि गैरसोय वारशाने आली, असे मानायला जागा आहे. हे स्पष्टीकरण सर्व माणसांना सारखेच लागू पडते. याच मुलाचा डोळा का, हा सूत्रातला आक्षेप आहे. शंकराचार्य तिथे लीलेवर थांबत नाहीत, जीवाच्या कर्माची अपेक्षा आणतात, आणि कर्माच्या आधी काय होते असे विचारणाऱ्याला संसार अनादि असल्याचे सांगतात.